अंधारात बसायला जागा

(कारधा इथल्या समाजमंदिरात वस्तीतल्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. चार वाक्यं मागंपुढं केली, बाकी घासूनपुसून गुळगुळीत केलेलं नाही.)



पोरं म्हणाली, भाऊ, तू मुंबईत राहतो, कविता लिहितो, काहीतरी बोल. मी म्हणलं, काय बोलू? कवितेवर बोलायला आपल्याला येत नाही. मी दहावी पास माणूस. गोदीत काम करतो, तेही कंत्राटी. पास दाखवून गेटातून आत, मग लोखंडी कॉइल, साखळी, क्रेनचा हूक, आणि पुन्हा पास दाखवून बाहेर. सौंदर्यशास्त्रावर ज्यांची दुपारची झोप पुरी होते त्यांनी बोलावं. मी आज थेटरांवर बोलणार आहे. पिच्चरवर कमी, थेटरांवर जास्त. ढेकणांच्या, फाटक्या खुर्च्यांच्या, विडीच्या वासाच्या थेटरांवर. कारण मुंबईत मला भाड्याची खोली धड मिळाली नव्हती तेव्हा थेटरातली खुर्ची मिळाली होती.

२०१६ साली मी इथून गेलो. रे रोडच्या बाजूला एका खोलीत आम्ही बाराजण. पाळीपाळीनं झोपायचं. रात्रपाळी करून आलो तर माझ्या जागेवर दिवसपाळीवाल्याची सुट्टी पसरलेली. मग एका जुन्या गोदीवाल्यानं अक्कल शिकवली. म्हणाला, पिला हाऊसला जा, वीस-तीस रुपयांचं तिकीट काढ, तीन तास पंखा लागतो, कोणी उठवत नाही.

पिला हाऊस म्हणजे पिवळं घर नव्हे. इंग्रजांच्या काळात तिथं नाटकांची थेटरं होती, साहेब म्हणायचा प्ले हाऊस, आपल्या लोकांच्या जिभेनं त्याचं पिला हाऊस केलं. आधी पारशी नाटकं, मग मूकपट, मग बोलपट. आल्फ्रेड, रॉयल, गुलशन, न्यू रोशन, निशात, हाकेच्या अंतरावर सगळी. बाहेर हातानं रंगवलेली पोस्टरं, हिरोच्या गालाला लाल रंग जरा जास्तच. एका बाजूला कामाठीपुरा, दुसऱ्या बाजूला ग्रँट रोड. त्या रस्त्याला पूर्वी फॉकलंड रोड म्हणायचे, आता पठ्ठे बापूराव मार्ग म्हणतात. बापूराव कुलकर्णी, ब्राह्मण, तमाशात आले. त्यांच्या फडात पवळा नाचली, गायली. ती महाराची पोर. रस्त्याला नाव बापूरावांचं लागलं. पवळेच्या नावाची पाटी मी त्या सगळ्या गल्ल्यांत शोधली. मला दिसली नाही.

तर मी तिथं झोपायचो. माझ्यासारखे पन्नासएक. हातगाडीवाले, हमाल, रंगारी, घर सोडून पळालेली पोरं. पडद्यावर मिथुन कोणाला तरी मारतोय आणि खाली अर्धं थेटर घोरतंय. मी आयुष्यातली पहिली कविता तिकिटांच्या पाठीमागं लिहिली. एका तिकिटावर दोन ओळी बसत. कविता सतरा तिकिटांची झाली. म्हणजे सतरा दिवसांच्या झोपेतून चोरलेली.

आता आबाजींची गोष्ट सांगतो, कारण थेटरं मी मरताना बघितली, जिवंत असताना त्यांनी बघितली. आबाजी हे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. सत्तरच्या सालात मुंबईला गेले, गोदीत लागले. त्यांची गोदी वेगळी होती. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगारांची नोंदणी झाली, नंबराचा बिल्ला मिळाला, जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. कष्ट तेच, पण महिनाअखेर खिशात किती येणार हे माणसाला कळायचं. ज्याला हे कळतं तो रविवारी पिच्चरला जातो. इतकं साधं गणित आहे.

१९७५ साली 'दीवार' आला. त्यातला अमिताभ गोदीत हमाली करतो, अंगावर ७८६ नंबरचा बिल्ला, हप्तेवाल्यांना गोदामात कोंडून मारतो. आबाजी सांगतात, थेटरात गोदीवाले उभे राहून ओरडत होते. स्वतःचा बिल्ला चाचपत होते. पडद्यावर पहिल्यांदा आपला धंदा. शो सुटल्यावर सगळे छाती काढून बाहेर पडले. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी काय झालं? आबाजी म्हणाले, "काय होईन बावा? मुकादम तोच होता. तो हिरो अर्ध्या घंट्यात गोदीतून बाहेर निंगाला. मले बत्तीस वर्सं लागली."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. हिंदी सिनेमावरची याच्याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

त्या काळात मुंबईत थेटरं वस्तीवस्तीची होती. लालबाग-परळला भारतमाता, तिथं मराठी पिच्चर. गिरणी सुटली की घामाच्या कपड्यांनी लोक सरळ रांगेत. लोअर परळला दीपक, दादरला हिंदमाता, चित्रा, प्लाझा, कोहिनूर. लॅमिंग्टन रोडला तर थेटरांची माळच. मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला. मराठा मंदिर १९५८ चं. तिथं १९६० साली 'मुगल-ए-आझम' लागला. आणि १९९५ च्या ऑक्टोबरात 'दिलवाले दुल्हनिया' लागला तो डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवड्यांपुढं गेला. तो मी सहा वेळा बघितला. म्हणजे सहा वेळा त्याच्यात झोपलो.

ही थेटरं गेली कशी? पांढरपेशे लोक पेपरात लेख लिहितात, डोळ्यांत पाणी आणतात. म्हणतात, व्हिडिओ आला, टीव्ही आला, केबल आली, मोबाईल आला. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं ते सांगत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर. तो संप मोडला तशी गिरणगावातली रांग मोडली. १९८९ ला खाडीपलीकडं न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं गेले, गोदीतली माणसं कमी कमी होत गेली. ज्यांच्या खिशात रविवार होता ते लोकच उरले नाहीत. पुढं २००१ च्या सुमाराला सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना पहिली काही वर्षं करमणूक करात माफी दिली. जुन्या एकपडदा थेटरांच्या तिकिटावर कर होताच. श्रीमंताच्या थेटराला माफी, गरिबाच्या थेटराला वसुली. दादरचं चित्रा २०१९ च्या मे महिन्यात बंद झालं. मी पेपरात वाचलं तेव्हा बदली कामावर होतो. मनात म्हणलं, थेटराला व्हिडिओनं एकट्यानं मारलं नाही. पगार मेला, म्हणून थेटर मेलं.

पण दोस्तहो, मी इथं थेटरांचं सुतक पाळायला आलो नाही. त्या थेटरांनी आपल्याला काय दिलं आणि काय दिलं नाही याचा हिशेब मांडायला आलोय.

दिलं हे की अंधार दिला. गावात विहीर वेगळी, वाटी वेगळी, पंगत वेगळी. थेटरात खिडकीला हात घालायचा, पैसे द्यायचे, तिकीट घ्यायचं. तिकिटावर जात नाही. पडद्याजवळ थर्ड क्लासात बसायला लागलं ते गरीब म्हणून. लाईट गेली की शेजारी कोण बसलाय, कोणाचा कोपर कोणाला लागला, विटाळ कुठून कुठं गेला, कोणी विचारत नव्हतं. तीन तासांची समता. लाईट लागली की खतम. पण तीन तास तरी.

आणि दिलं नाही ते असं, की अंधार आपला होता पण उजेड त्यांचा होता. पडद्यावर आपण नव्हतो.

पहिल्यापासून बघा. ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन थेटर. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. या देशाचा पहिला मोठा पिच्चर. गोष्ट काय? राजावर वाईट दिवस येतात आणि त्याला स्मशानात डोंबाची चाकरी करावी लागते. बस्. राजावर आलेलं सगळ्यात मोठं संकट कोणतं, तर डोंब जे जन्मभर करतो ते त्याला काही दिवस करावं लागलं. त्यावर हा देश शंभर वर्षं रडतोय. त्या डोंबाला रोज संध्याकाळी घरी गेल्यावर काय वाटत होतं, त्याच्या पोरांनी काय खाल्लं, यावर कोणी रीळ खर्च केलं नाही. आणि गंमत सांगू? त्यात तारामतीचं काम करायला कोणी बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी ग्रँट रोडच्या हॉटेलात राबणारा माणूस आणला, अण्णा साळुंके. म्हणजे या देशाच्या सिनेमाची पहिली राणी हॉटेलातला कामगार होता. पोट भरणाऱ्या हातांनी मिशी भादरली तेव्हा तुमचा सिनेमा उभा राहिला.

तिकडं केरळात बघा. शंभरएक वर्षांपूर्वी मल्याळममधला पहिला मूकपट निघाला. त्यात नायर घरातल्या बाईचं काम पी. के. रोझी नावाच्या पुलया जातीच्या बाईनं केलं. आपल्यातली. पिच्चर लागला आणि वरच्या जातींचे लोक खवळले. हलक्या जातीची बाई आमची बाई म्हणून दाखवता? पडद्यावर दगड मारले. रोझीला गाव सोडून पळावं लागलं. ती पुन्हा कधी पडद्यावर आली नाही.

तो दगड लक्षात ठेवा. कारण २०१४ साली नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आला, त्याच्या शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड पडद्यातून सरळ आपल्या तोंडावर येतो. मी तो पिच्चर उशिरा बघितला, एका दोस्ताच्या मोबाईलवर, खोलीत, पंखा बंद असताना. तेव्हा मला रोझी माहीत नव्हती. नंतर वाचलं आणि अंगावर काटा आला. बाहेरून पडद्यावर मारलेला दगड पडद्यातून परत यायला इतकी वर्षं लागली.

आणखी एक. २०२२ साली 'झुंड' आला. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, आपलीच भाषा, आपलीच जयंती. त्यात तो 'दीवार'वाला अमिताभ, सत्तेचाळीस वर्षांनी, बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून उभा. आबाजींना मी तो नागपूरला नेऊन दाखवला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पडदा धुरकट दिसत होता. मला म्हणाले, "कोन आहे रे तो?" मी म्हणलं, तोच, ७८६ वाला. आणि समोर बाबा आहेत. आबाजी काही बोलले नाहीत. नुसता छातीवर हात नेला, जिथं बिल्ला असायचा तिथं.

पण त्या दिवशी अजून एक झालं. ते मी लपवणार नाही. दारावर गार्डनं आमची पिशवी उघडली. आत मायनं बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा. म्हणाला, बाहेरचं खाणं आत चालणार नाही. आबाजींना साखर आहे, वेळेवर खावं लागतं, सांगितलं. नाही म्हणाला. त्या गार्डवर माझा राग नाही, तोही माझ्यासारखाच कंत्राटी असणार. आम्ही दोघं जिन्यात बसलो, भाकरी खाल्ली, मग आत गेलो. पुढं जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थेटरमालकाला आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला पाहिजे. चला, पाणी तरी मिळालं. पाण्यासाठी १९२७ साली महाडला जावं लागलं होतं. भाकरीसाठी कुठं जायचं ते सांगा.

आता घरातलं सांगतो. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला कडेवर पोर घेऊन नागपूरला गेली, बावीस प्रतिज्ञा घेऊन आली. देव्हारा वैनगंगेत सोडला. आणि तीच आजी १९७५ सालचा 'जय संतोषी माँ' इकडं आला तेव्हा हा जुना पूल पायी ओलांडून भंडाऱ्याला गेली. बाया थेटराच्या दारात चपला काढत होत्या, पडद्याकडं पैसे फेकत होत्या. आजीनंही फेकले. आबाजी सुट्टीवर आले होते, तेव्हा घरात मोठं भांडण झालं. आम्ही देव सोडले आणि तू पडद्यावरच्या देवीला पैसे फेकते? आजी चूल फुंकत म्हणाली, "देवळातल्या देवीनं मले कधी तोंड दाखवलं नाही. हिनं बारा आण्यात दाखवलं."

आबाजी हसतायत बघा. तेव्हा हसले नव्हते.

मी या गोष्टीवर खूप विचार केला. आजी चुकली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि बरोबर होती असंही म्हणता येत नाही. एवढं कळतं की ज्या माणसाला जन्मभर दाराबाहेर ठेवलं, त्याला आत काय आहे ते बघायची भूक असते. त्या भुकेवर थेटरवाल्यांनी धंदा केला. आपण त्या भुकेला काय दिलं?

आणि काल रात्री माझ्या बहिणीनं मला पकडलं. मी हे भाषण तिला वाचून दाखवत होतो, पिला हाऊस, झोप, तिकिटावरची कविता. माय विड्या वळत होती. बहीण सुपातला तेंदूपत्ता कापता कापता म्हणाली, "भाऊ, तू झोपाले जात होता. आमी कुठी जायचं? त्या थेटरात बाई एकटी जाऊन झोपली असती त लोकायनं काय केलं असतं?"

मी गप्प. खरं आहे. त्या अंधारात समता होती असं मी आत्ता म्हणलो, ती बाप्यांची समता होती. बाईला त्या अंधारात हातांची भीती. माझ्या मायनं हजारानं विड्या वळल्या, एकाही थेटरात पाय ठेवला नाही. मायला विचारलं, काहून नाही गेली? ती म्हणाली, "येळ कोनाले होता?" म्हणून मी ते सगळं भाषण फाडलं नाही, पण त्याच्यावर रेघ मारून हे लिहिलं.

आता मुद्द्यावर येतो. राग आला तरी ऐका.

आपली झाडीपट्टी बघा. थेटरं मेली, पण दिवाळीनंतर होळीपर्यंत आपल्याकडं नाटकं चालतात. वडशाहून मंडळ्या निघतात, गावोगाव मांडव पडतात, शंकरपटाच्या रात्री हजारानं माणसं थंडीत घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. बाया बसतात, लेकरं बसतात. २०२३ साली त्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या कोणत्या शेठनं झाडीपट्टी जगवली? कोणी नाही. गावानं पैसे काढले, गावानं मांडव घातला. जे आपण उभं करतो त्याला कुलूप लावायला मालकच नसतो.

दुसरं उदाहरण. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' केला, २०११ चा. रमाबाई नगरचा गोळीबार, ११ जुलै १९९७, दहा माणसं मेली, त्यावरचा. तो पिच्चर वस्तीवस्तीत पडदा बांधून दाखवला. ज्यांच्यावर बेतली त्यांनीच रस्त्यावर बसून बघितला.

आणि बाबासाहेबांचं कामच बघा. ९ मार्च १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी सभा बोलावली, तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. जिथं लोक जमतात त्या जागेचं मोल त्यांना कळत होतं.

मी ऐकलं, येत्या १४ एप्रिलसाठी डीजेवाल्याला इसार दिलाय. नागपूरचा मोठा डीजे. रात्रभर. १९५४ साली बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, आणि पडले. जिवंत असताना त्यांचं ऐकलं नाही. आता त्यांच्या नावानं एवढा आवाज लावायचा की कोणाचंच काही ऐकू येऊ नये?

मला माहीत आहे, नाचायला पाहिजे. वर्षभर मान खाली घालून राबणाऱ्याला एक रात्र नाचू द्या, मी आडवा येत नाही. ताशे आणा, लेझीम आणा, मी पुढं नाचतो. पण त्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात जुना प्रोजेक्टर येतो. या समाजमंदिराची ही मागची भिंत बघा. २०२० च्या ऑगस्टात वैनगंगा गावात शिरली, तेव्हापासून तिच्यावर पाण्याची रेघ आहे. त्या रेघेच्या वर चुना मारा. पडदा तयार. परवानगी काय लागते, पिच्चर कोणाकडून रीतसर आणायचा, ते मी मुंबईहून बघतो. महिन्यातून एक रात्र. पहिल्या रांगेत बाया. पहिला पिच्चर कोणता ते बाया ठरवतील. त्यांनी 'संतोषी माँ' म्हणलं तर तोही लावू, पण दिवे लागल्यावर कोणी उठून जायचं नाही, बसून भांडायचं. थेटरवाल्यानं ते कधी करू दिलं नाही. शो सुटला की ढकलून बाहेर काढायचा.

आणि ज्याच्या हातात मोबाईल आहे त्यानं फक्त बघू नये. आबाजींची गोदी, मायच्या विड्या, आजीचे बारा आणे, पुलावरून रात्री पायी येणारी माणसं, हे टिपा. हलेल, धुरकट येईल, येऊ द्या. स्मशानातल्या डोंबाची गोष्ट अजून सांगायची राहिलीये.

मी माझ्याकडून सुरुवात करतो. सात पाळ्यांचे पैसे आणलेत. हे बघा, इथं ठेवले, चटईवर, आबाजींच्या पुढं. डीजेचा इसार परत मागायला सकाळी कोण कोण येतो माझ्याबरोबर, त्यानं आत्ता हात वर करावा.

माझी बहीण मागं उभी आहे. पहिला हात तिचा आहे, मला दिसला.

जयभीम.